टोकं जुळली की जंक्शन

नरखेडच्या नावापुढे ‘जंक्शन’ लागलं त्याला फार वर्षं झाली नाहीत. नागपूरहून इटारसीकडे जाणारी रेल्वेलाइन 1920 च्या दशकात पुरी झाली आणि तेव्हापासून नरखेड हे तिच्यावरचं एक साधं स्टेशन होतं. कळमेश्वर, काटोल, नरखेड, मग राज्याची हद्द ओलांडली की पांढुर्णा. 1929 मध्ये खाली बल्लारशा ते काझीपेठ हा तुकडा जोडला गेला आणि दिल्ली ते मद्रास अशी सरळ वाट तयार झाली. नरखेडवरून देशाचा उत्तर-दक्षिण कारभार धडधडत जाऊ लागला. नरखेड मात्र बाजूला उभं राहून बघत होतं.

मग वरुड, मोर्शी, चांदूर बाजार, अमरावती या पट्ट्यातून 138 किलोमीटरची नवी लाइन आली. तिचं एक टोक बडनेऱ्याला, दुसरं नरखेडला. 2012 च्या सुमारास तिच्यावरून गाड्या धावू लागल्या. जवळजवळ नव्वद वर्षं एकट्या असलेल्या लाइनला शेजारीण मिळाली आणि इटारसीकडून अमरावतीला जायला नागपूर गाठायची सक्ती उरली नाही.

जंक्शन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गर्दी, चहावाले, सहा-सात प्लॅटफॉर्म येतात. पण त्याचा खरा जीव असतो काही मीटर रुळांत, जिथे एक लाइन दुसरीला मिळते. तिथे दोन्हीकडचं माप एक असेल, उंची एक असेल, सिग्नलची भाषा एक असेल, तर चाक न अडखळता पुढे जातं. यातलं एक जरी चुकलं तरी दोन लाइनी शेजारी शेजारी येऊनही परक्याच राहतात.

हा लेख त्या काही मीटरांबद्दल आहे. फक्त ते मीटर आपण सत्त्याऐंशी पट लहान करून बघणार आहोत. कारण जगात एक छंद असा आहे, ज्यात अनोळखी माणसं आपापल्या घरून रेल्वेचा एकेक तुकडा घेऊन एका हॉलमध्ये जमतात, तुकडे जोडतात, दोन दिवस गाड्या चालवतात आणि तुकडे सोडवून घरी जातात. याला मॉड्युलर मॉडेल रेल्वे म्हणतात. वरवर पाहता हा मोठ्या माणसांचा खेळ. आत शिरलं की कळतं, आपल्या नागपूर पट्ट्याला शंभर-सव्वाशे वर्षं छळणारा प्रश्न या लोकांनी टेबलावर सोडवला आहे.

खेळण्याला माप कसं आलं

एकोणिसाव्या शतकातल्या खेळण्यातल्या गाड्या एकमेकींशी बोलत नसत. एका कारखान्याची गाडी दुसऱ्याच्या रुळावर चालेल याची खात्री नव्हती. 1891 मध्ये जर्मनीतल्या मेर्कलिन कंपनीने लाइपझिगच्या जत्रेत ठरावीक मापांचे रूळ मांडले. वाढदिवसाला गाडी घ्या, पुढच्या वर्षी चार रूळ घ्या, त्याच्या पुढच्या वर्षी एक सांधा घ्या. सगळं एकमेकांत बसेल. धंद्याच्या दृष्टीने ही युक्ती होती. पण तिच्यातून पोरांच्या आणि बापांच्या डोक्यात एक कल्पना रुजली: रेल्वे कधी पुरी होत नाही, ती वाढवत न्यायची असते.

पुढे हौशी लोक स्वतःच इंजिनं आणि डबे बनवू लागले, कंपन्याही वाढल्या आणि मापांचा पुन्हा गोंधळ झाला. 1935 मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात हौशी आणि उत्पादक एकत्र बसले आणि त्यांनी एक राष्ट्रीय संघटना काढली. तिचं मुख्य काम प्रमाणं ठरवणं: दोन रुळांत अंतर किती, चाकाची कड किती जाड, सांध्यात फट किती. आजही अनेक हौशींच्या पेटीत धातूची एक छोटी खाचांची पट्टी असते. रुळावर ठेवली की बसते किंवा बसत नाही. वाद मिटतो.

याच प्रवासात काही मापं जगभर रूढ झाली. ‘एचओ’ म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाएवढं. तिथे दोन रुळांत अंतर साडेसोळा मिलिमीटर. मग 1960 च्या दशकात जर्मनीतूनच ‘एन’ आलं, म्हणजे नऊ मिलिमीटर. एनचं इंजिन तळहातावर मावतं.

तुमच्या खिशातल्या फोनचं उदाहरण घ्या. दहा वर्षांपूर्वी घरात चार फोन असले तर चार तऱ्हेच्या पिना असायच्या. आता बहुतेकांना एकच चालते. फोन आतून कसाही असो. चार्जिंगच्या त्या छोट्या तोंडाचं माप ठरलं आणि प्रवासात दुसऱ्याचा चार्जर मागण्यातली लाज गेली. मॉड्युलर रेल्वेचं तत्त्व हेच आहे. आत तुम्ही राजे, कडेला सगळ्यांचा कायदा.

घरात जागा नाही, म्हणून

मॉडेल रेल्वेचा कायमचा शत्रू जागा. नागपूर ते नरखेड हे रेल्वेने सुमारे 85 किलोमीटर. सत्त्याऐंशी पट लहान केलं तरी जवळपास एक किलोमीटर होतं. कोणाच्या घरात एवढा दिवाणखाना आहे? मग बहुतेक जण टेबलावर एक गोल करतात आणि गाडी स्वतःचीच शेपटी पकडायला धावत राहते. थोड्या दिवसांत कंटाळा येतो.

कॅलिफोर्नियातल्या काही एनवाल्यांनी 1973-74 च्या सुमारास यावर तोडगा काढला. प्रत्येकाने घरी एक फळी करायची, चार फूट लांब, दोन फूट रुंद. तिच्यावर पुढच्या बाजूला तीन मुख्य रूळ ठरलेल्या अंतरावर असलेच पाहिजेत. त्यांना रंगांची नावं दिली: लाल, पिवळा, निळा. जमिनीपासून रुळाची उंची चाळीस इंच. विजेच्या तारांचे रंग आणि जोडणीही ठरलेली. बाकी फळीवर तुम्ही वाळवंट करा, बंदर करा, आजोबांचं गाव करा. या पद्धतीला ‘एनट्रॅक’ नाव पडलं. वीस जणांनी वीस फळ्या आणल्या की मोठ्या हॉलभर फिरणारी रेल्वे अर्ध्या दिवसात उभी.

युरोपात 1981 मध्ये ‘फ्रेमो’ नावाची मंडळी जमली. त्यांना गोल फिरणाऱ्या गाड्यांचा कंटाळा होता. त्यांचं म्हणणं, खरी रेल्वे कुठूनतरी कुठेतरी जाते. म्हणून त्यांच्या फळ्या कोणत्याही लांबीच्या, कोणत्याही वळणाच्या. फक्त दोन टोकांचा आकार ठरलेला आणि एचओमध्ये रूळ जमिनीपासून 1300 मिलिमीटर वर. म्हणजे उभ्या माणसाच्या छातीशी. खाली वाकून खेळणं बघितल्यासारखं न वाटता गाडी शेजारून गेल्यासारखी वाटते. फ्रेमोत वेळापत्रक असतं, प्रत्येक स्टेशनाला मास्तर असतो, मालडब्याबरोबर चिठ्ठी फिरते: हा डबा सिमेंट घेऊन अमुक स्टेशनला. घड्याळही खास, ते खऱ्यापेक्षा जोरात पळतं, म्हणजे एका दुपारी रेल्वेचा पूर्ण दिवस बसतो.

जपानच्या छोट्या घरांत आणखी आटोपशीर रूप निघालं. 2000 च्या सुमारास तिथल्या प्रदर्शनात पाहिलेल्या कल्पनेवरून ‘टी-ट्रॅक’ जगभर पसरलं. जेमतेम फूटभर लांबीच्या पेट्या, पाय नाहीत, कोणत्याही टेबलावर ठेवायच्या, रूळ टच्‌कन अडकवायचे. ज्याच्याकडे फक्त पुस्तकाच्या कप्प्याएवढी जागा आहे, तोही आता रेल्वेचा भागीदार होतो.

मेळाव्याची सकाळ

असा मेळावा भरतो तेव्हा पहिला तास रेल्वेसारखा दिसतच नाही, लग्नाच्या मांडवासारखा दिसतो. गाड्यांतून फळ्या उतरतात, चादरीत गुंडाळलेल्या, पुठ्ठ्यात बांधलेल्या. एकाच्या हातात कागदावर काढलेला नकाशा असतो: कोणाची फळी कोणाच्या शेजारी, कोपरे कुठे, दाराकडे वाट किती सोडायची. हा नकाशा आधी कितीही नीट काढला तरी ऐनवेळी एक जण येत नाही आणि एक जण न सांगता दोन फळ्या जास्त आणतो.

मग पाय लावायचे. प्रत्येक पायाच्या तळाला बोल्ट असतो, तो फिरवून उंची कमी-जास्त करता येते, कारण जगातल्या कोणत्याही हॉलची फरशी सपाट नसते. एका टोकाला लेव्हल ठेवायची, बुडबुडा मधे आणायचा आणि तिथून पुढे सरकायचं. सुरुवात नेहमी मोठ्या स्टेशनापासून किंवा कोपऱ्यापासून करायची. दोन बाजूंनी सुरू करून मधे भेटायचा मोह होतो. पण मग शेवटची फट अर्ध्या इंचाने चुकते आणि अख्खी रांग सरकवावी लागते.

फळीला फळी भिडली की खालून क्लॅम्प. आधी सैल लावायचे, वरून बोट फिरवून रुळाची उंची बघायची, मग आवळायचे. बोट डोळ्यापेक्षा हुशार असतं. अर्ध्या मिलिमीटरची पायरी नखाला लगेच लागते. एनच्या चाकाची कड एक मिलिमीटरच्या आसपास असते, त्यामुळे तेवढी पायरी गाडी पाडायला पुरते. एनट्रॅकवाल्यांनी यावर शहाणपणाचा उपाय ठेवला: रूळ फळीच्या काठापर्यंत न्यायचेच नाहीत. काठाच्या आत थांबवायचे आणि मधल्या जागेत एक छोटा सुटा तुकडा बसवायचा. थोडंसं वाकडं असेल तर तो तुकडा सांभाळून घेतो.

आता टेबलाखाली. तिथे दुसरीच दुनिया असते: लाल-काळ्या तारा, जोडण्या, डाग दिलेले सांधे, टॉर्च तोंडात धरून आडवी झालेली माणसं. एका फळीवाल्याने उत्साहात दोन तारा उलट लावल्या की सगळ्या रेल्वेला शॉर्ट. मग एकेक फळी सोडवत गुन्हेगार शोधायचा. या टेबलाखालच्या लोकांची एक मोठी देणगी तुमच्या रोजच्या बोलण्यात आहे. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत 1946 मध्ये विद्यार्थ्यांचा मॉडेल रेल्वे क्लब निघाला. त्याचे दोन तट होते: वरचे, जे डोंगर-स्टेशनं रंगवत, आणि खालचे, जे टेलिफोनच्या जुन्या रिलेंतून सिग्नलची यंत्रणा बांधत. खालच्यांच्या बोलीत चतुराईने केलेल्या जुळणीला ‘हॅक’ म्हणत. पुढे हीच मुलं कॉम्प्युटरकडे वळली आणि शब्दही बरोबर नेला.

1990 च्या दशकात डिजिटल पद्धत आली. प्रत्येक इंजिनाला स्वतःचा क्रमांक, रुळातून जाणाऱ्या विजेतच हुकूम मिसळलेला. एकाच रुळावर दोन इंजिनं, दोघं चालक, दोन वेगळे वेग. आता तर फोनवरूनही इंजिन चालवता येतं. पण फोन असो की जुनं बटण, दुपारी पहिली गाडी सोडण्याआधी सगळे एक जुनंच काम करतात: फडकं घेऊन रूळ पुसतात. मळ बसला की वीज चाकात चढत नाही.

मग एखादं लहान, हलकं, घरात कोणालाच न आवडणारं इंजिन पुढे काढतात. ते प्रत्येक सांध्यावरून हळूहळू नेतात. जिथे अडखळेल तिथे कोणीतरी खाली वाकतं. सगळा फेरा पुरा झाला की टाळ्या वाजतात, आणि मोठ्या गाड्या पेटीतून बाहेर येतात. हा क्षण बघितला तर लक्षात येतं की टाळ्या इंजिनासाठी नसतात. त्या सांध्यांसाठी असतात.

पुण्यातली एक वाट

महाराष्ट्रात या छंदाचं सगळ्यात ठळक नाव पुण्यातलं. भाऊ जोशी यांनी आपली छोटी रेल्वे 1980 च्या दशकात सुट्या भागांत बांधली आणि पुण्या-मुंबईत तिची प्रदर्शनं भरवली. प्रत्येक वेळी उभारा, दाखवा, सोडवा, बांधा, परत न्या. ज्याने कधी गणपतीची सजावट उतरवून पुढच्या वर्षासाठी ठेवली आहे त्याला हे काय असतं ते कळेल. प्रत्येक उतरवणीत काहीतरी मोडतं.

शेवटी त्यांनी कायमच्या जागेचा निर्णय घेतला आणि 1 एप्रिल 1998 रोजी कोथरूडमध्ये लघुरेल्वेचं संग्रहालय उघडलं. एचओ मापाचं आख्खं शहर: उड्डाणपूल, सर्कस, पोहण्याचा तलाव, डझनावारी सिग्नल आणि त्यांच्या इशाऱ्यावर थांबणाऱ्या-सुटणाऱ्या गाड्या. पुण्यात शाळेची सहल तिथे गेली नाही असं क्वचितच होतं.

जोशींची वाट आणि फ्रेमोची वाट समोरासमोर ठेवून बघण्यासारख्या आहेत. एकाच माणसाचं स्वप्न, एकाच छताखाली, कायम जागेवर: त्यात एकसंधपणा येतो, कारागिरी जपली जाते, हजारो मुलांना दाखवता येतं. वीस माणसांची वीस स्वप्नं, दोन दिवसांपुरती: त्यात बव्हेरियातल्या बर्फाळ हॉल्टशेजारी हॉलंडचं बंदर येतं, रंग जुळत नाहीत, पण गाडी मात्र जाते. पहिल्या वाटेला घर लागतं, पैसा लागतो, एक झपाटलेला माणूस लागतो. दुसरीला फक्त टोकाच्या मापावर एकमत लागतं. तालुक्याच्या गावातल्या मुलांना कोणती परवडेल हे सांगायला नको.

नागपूरला अडलेली पोती

आता मोठ्या रेल्वेकडे येऊ. कारण टोकं न जुळण्याची किंमत काय असते हे नागपूरने फार लवकर पाहिलं.

1867 मध्ये मुंबईकडून जीआयपी रेल्वे नागपूरला पोचली. तिचं माप ब्रॉडगेज, 1676 मिलिमीटर, डलहौसीच्या काळात ठरलेलं. पण 1870 मध्ये व्हाइसरॉय मेयोच्या सरकारने खर्च वाचवायला मीटरगेजचा मार्ग धरला. म्हणून 1880 च्या दशकाच्या सुरुवातीला नागपूरहून राजनांदगावकडे जी लाइन गेली ती मीटरगेज. छत्तीसगडचं धान्य मीटरगेजच्या डब्यातून नागपूरला यायचं आणि तिथेच थांबायचं. पुढे मुंबईची लाइन होती, पण चाकं तिच्यावर चढू शकत नव्हती. प्रत्येक पोतं हमालाच्या पाठीवरून एका डब्यातून दुसऱ्या डब्यात. दोन रुळांमधला 676 मिलिमीटरचा फरक माणसांच्या पाठीने भरून काढायचा.

1887 मध्ये बंगाल नागपूर रेल्वे कंपनी उभी राहिली, तिने ही लाइन घेतली आणि ब्रॉडगेज केली. प्रश्न सुटला असं वाटलं. पण पुढे त्याच कंपनीने सातपुड्याच्या डोंगरात आणि नागपूरच्या भोवती 762 मिलिमीटरच्या नॅरोगेज लाइनी टाकल्या. गोंदिया–जबलपूर, नागपूर–छिंदवाडा, नागपूर–नागभीड. डोंगरात तीव्र वळणं घ्यायला आणि कमी पैशात आडगावी पोचायला नॅरोगेज सोयीचं. पश्चिमेला मूर्तिजापूरहून एक फाटा यवतमाळला आणि एक अचलपूरला गेला, तोही नॅरोगेज, मुख्यतः कापसासाठी. हीच आपली शकुंतला. 1921 साली मँचेस्टरला बनलेलं तिचं वाफेचं इंजिन 1994 पर्यंत धावत होतं.

म्हणजे विदर्भाचा नकाशा दोन मापांचा झाला. मोठ्या लाइनीवर देश, छोट्या लाइनीवर गाव. गोंदिया, इतवारी, मूर्तिजापूर अशा प्रत्येक ठिकाणी मधे हमालांची फळी.

1992 मध्ये रेल्वेने ठरवलं, शक्य तिथे सगळं ब्रॉडगेज करायचं. एकाच मापाचा देश. नागपूर–छिंदवाड्याची नॅरोगेज 2015 मध्ये बंद झाली, नागपूर–नागभीडची 2019 मध्ये. आता छिंदवाड्याला मोठी गाडी जाते, वेगाने जाते, आणि डबा न बदलता पुढे जाता येतं. ज्यांना आजारी माणूस नागपूरच्या दवाखान्यात न्यायचा असतो त्यांना या बदलाबद्दल हळहळ वाटण्याचं कारण नाही.

पण एक गोष्ट नीट बघावी लागते. टोकं जुळवायला आपण टोकं नुसती जुळवली नाहीत, आतलं सगळंच बदललं. छोटी स्टेशनं, छोटे पूल, पाण्याच्या टाक्या, चालत्या गाडीतून उतरून पुन्हा चढता येईल असा वेग. मोतीबागेत 2002 पासून नॅरोगेजचं संग्रहालय आहे, तिथे इंजिनं उभी आहेत, बघण्यासारखी आहेत. पण इंजिन म्हणजे लाइन नव्हे. नागभीडच्या वाटेवरचं एखादं स्टेशन, त्याच्या समोरची चिंच, फाटकाशी थांबलेल्या बैलगाड्या, हे संग्रहालयात उभं करता येत नाही.

ते फळीवर करता येतं.

एकोणीस आणि नऊ

इथे भारतीय हौशीपुढे एक गमतीची अडचण येते. युरोप-अमेरिकेची खरी रेल्वे 1435 मिलिमीटरची. तिला 87 ने भागलं की साडेसोळा, म्हणूनच एचओचा रूळ साडेसोळा मिलिमीटरचा. आपल्या 1676 ला 87 ने भागा: उत्तर येतं सुमारे 19.3. एवढ्या मापाचा तयार रूळ दुकानात मिळत नाही. त्यामुळे भारतीय इंजिनाचं एचओ मॉडेल करणारे बहुतेक जण मुकाट्याने साडेसोळाच्या रुळावर चालवतात. इंजिन भारतीय, चाकं परदेशी अंतरावर. जरा पाय जवळ घेऊन उभं राहिल्यासारखं. हट्टी माणूस रूळ स्वतः बनवतो, एकेक स्लीपर चिकटवून. पण मग त्याची फळी बाकी कोणाच्याही फळीला जुळत नाही. नागपूरची 1880 ची गोष्ट पुन्हा टेबलावर.

आता 762 ला 87 ने भागा. 8.76. म्हणजे जवळपास नऊ, म्हणजे एनचा रूळ, जो जगात सगळीकडे मिळतो. आपली मोठी रेल्वे तयार रुळावर बरोबर बसत नाही, पण आपली गेलेली छोटी रेल्वे बसते. युरोपातही अशाच नॅरोगेज गाड्या याच युक्तीने करतात. छिंदवाडा, नागभीड, शकुंतला यांच्यासाठी रुळाचं माप आधीच तयार आहे. उरलेलं काम आपलं.

नरखेड फळीवर

समजा नरखेड, काटोल, वरुड, मोर्शी, चांदूर बाजार इथल्या दहा जणांनी ठरवलं. सुरुवात कुठून करायची?

आधी गणित. 24 डब्यांची गाडी इंजिनासकट सुमारे 600 मीटर. सत्त्याऐंशी पट लहान केली तरी जवळपास सात मीटर. म्हणजे नरखेडचा एक प्लॅटफॉर्म मापात करायचा तर 1.2 मीटरच्या सहा फळ्या लागतील. कोणीच तसं करत नाही. सगळे कात्री लावतात: आठ डब्यांची गाडी, त्या मानाने प्लॅटफॉर्म, पण स्टेशनाची पाटी, पूल, झाडं ओळखीची. काय ठेवायचं आणि काय गाळायचं हा निर्णय करणाऱ्याचा, आणि त्यातच त्याचा गावाबद्दलचा समज दिसतो.

मग महिना ठरवायचा. हे ऐकायला विचित्र वाटतं, पण फळीवर एकच दिवस असतो. दिवाळीच्या आसपासचा केला तर आंबिया बहाराची संत्री झाडावर, शेतात कापूस फुटलेला. मे महिन्याचा केला तर सागाची पानं गळलेली, सगळं पिवळं, माणसं सावलीला. खरं संत्रं सात सेंटिमीटरचं धरलं तर सत्त्याऐंशीव्या हिश्शाला ते 0.8 मिलिमीटर होतं. खसखशीचा दाणा. नारिंगी रंगात बुडवलेली चमचाभर खसखस म्हणजे एक ट्रक संत्री. आजीच्या फोडणीच्या डब्याशेजारी आपल्या तालुक्याचं पीक मावतं.

हे मोजमाप करायला गावात फिरावं लागतं. फाटकाची उंची, स्टेशनच्या जुन्या भिंतीतल्या दगडांचे थर, सिग्नलचा खांब कुठल्या झाडाच्या रेषेत. फोनने फोटो तर आपण रोज काढतो, पण मापायला लागलं की त्याच जागेकडे वेगळं बघतो. ज्या म्हाताऱ्यांनी छोटी गाडी पाहिली ते अजून आहेत. कुठली खिडकी तिकिटाची होती, पाणी कुठे भरायचे, हे त्यांना विचारायला अजून वेळ आहे. वीस वर्षांनी कोणाला विचारणार? फळी हे विचारायचं निमित्त आहे.

आणि या फळ्या जुळल्या की असं काही होऊ शकतं जे खऱ्या रेल्वेत झालं नाही. चांदूर बाजारच्या मुलाने अचलपूरच्या शकुंतलेची फळी करावी, नरखेडच्या मुलीने नव्या जंक्शनची, नागभीडच्या कोणी आपल्या छोट्या स्टेशनाची. एका फळीवर मोठा रूळ आणि छोटा रूळ शेजारी शेजारी ठेवता येतात, मधे प्लॅटफॉर्म, त्यावर पोती आणि हमाल. खऱ्या नकाशात एकाला राहायचं तर दुसऱ्याला जावं लागलं. हॉलमध्ये दोघं दोन दिवस एकत्र राहू शकतात, कारण इथे फक्त कडा सारख्या असाव्या लागतात.

म्हणून पहिली फळी कापण्याआधी, रंग आणण्याआधी, इंजिनाची किंमत बघण्याआधी दहा जणांनी एकदा बसावं आणि एका कागदावर चार आकडे लिहावेत. रूळ जमिनीपासून किती उंच. पुढच्या काठापासून किती आत. दोन रुळांत अंतर किती. कुठली तार कुठल्या रंगाची. त्या कागदाचा फोटो सगळ्यांनी फोनमध्ये ठेवावा. वाद घालायचे ते तेव्हाच घालावेत, कारण फळ्या कापून झाल्यावर वाद घातला की करवत पुन्हा काढावी लागते. त्यानंतर प्रत्येकाने आपापल्या गावी जावं आणि आत हवं ते करावं.